तांबड्या भाकरीचा उन्हाळा

माघ सरत आला की सोलापुरातली हवा बदलते. सकाळी अंगावर शाल असते आणि दुपारी तीच शाल कुठे टाकली ते आठवत नाही. वारा कोरडा होतो, त्यात काडाचा, कडब्याचा वास असतो. बाजारात नवा शाळू येतो, रब्बीची ज्वारी. परवा अशीच धान्याच्या दुकानासमोर उभी राहिले. दुकानदार ओळखीचा, त्याने पोत्याचं तोंड सोडलं आणि मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मोत्यासारखे टपोरे, किंचित पिवळसर. मी दोन दाणे तोंडात टाकले. दाताखाली ते आधी कडक लागतात, मग पिठूळ होतात, मग अगदी शेवटी गोड. दुकानदार म्हणाला, मालदांडी आहे, काकू, मंगळवेढ्याकडची. मला सांगायची गरज नव्हती, पण मी मान डोलावली.

घरी आणून दळलं. गिरणीतून आलेल्या पिठाचा डबा अजून गरम होता. त्यात हात घातला आणि तशीच बसून राहिले. नव्या पिठाची ऊब वेगळी असते. पाखराला ओंजळीत धरल्यासारखं वाटतं. सून दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं असेल, म्हातारीला काही होतंय. होत काही नव्हतं. दरवर्षी शाळू आला की मला तो हंगाम आठवतो, ज्या वर्षी शाळू आलाच नाही.

बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली, आणि त्र्याहत्तरचा माघ कोरडाच उगवला. तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष होत होतं. मी केमची. आमच्या घरातून रेल्वेचं स्टेशन दिसायचं, आणि लहानपणापासून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत मी मोठी झाले. एक दिवस त्यातल्याच एका गाडीत बसून नवऱ्याच्या मागे सोलापूरला आले. नवरा कापडगिरणीत कामाला. गिरणीच्या पाळ्या कमी झाल्या तशी घरात चूल कधी पेटेल, कधी नाही, अशी गत झाली. शेजारणीने सांगितलं, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत गौराक्काची खानावळ आहे, तिथे भाकरी थापायला बाई पाहिजे. मी लाजत लाजत गेले.

गौराक्का तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. उंच, सावळी, कपाळावर विभूतीची आडवी रेघ, गळ्यात लिंग. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे तिच्या मराठीला कानडी हेल होता. तिने माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि काठवट पुढे सरकवून एक भाकरी कर म्हणाली. मी केली. बरी झाली होती. तव्यावर टम्म फुगली, पापुद्रा सुटला. अक्काने भाकरीकडे एकदाच बघितलं आणि मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“हात चांगला हाय तुझा,” ती म्हणाली. “पर तू हितं न्हाईस.”

मला काही कळेना. मग कळलं. भाकरी थापताना मी केमच्या अंगणात होते. आई काय करत असेल, विहिरीला पाणी असेल का, हे चाललं होतं डोक्यात. अक्काने मला दुसरी भाकरी करायला सांगितली. त्या वेळी मी पीठ बघितलं. त्याचा रंग, पाण्याने होणारा त्याचा चिखल, तळव्याखाली ते कसं पसरतं, कडेला कुठे चिरतं, सगळं जणू पहिल्यांदाच बघितलं. दुसरी भाकरी पहिलीपेक्षा काही फार चांगली झाली असं नाही. पण अक्का म्हणाली, “आता आलीस. उद्यापासनं ये.”

त्या खानावळीतल्या सकाळी अजूनही माझ्या झोपेत येतात. मागच्या पडवीत ओळीने चुली मांडलेल्या. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा यायचा आणि धुरातून तो पट्टा असा काही उतरायचा की वाटे, हात लावला तर हाताला लागेल. आम्ही बायका आपापल्या चुलीशी. थापण्याचे आवाज. प्रत्येकीचा आवाज निराळा. खातूनबीचा हात जड, तिची थाप ढोलकीसारखी. नरसम्मा विणकराच्या घरातली, तेलुगू बोलणारी. तिच्या घरचा माग सारखा खटखटत असायचा, आणि तिची थापही त्याच तालात पडायची. माझी म्हणे घाबऱ्या सशासारखी. अक्का पाठमोरी बसलेली असायची, तरी कोण थांबलं, कोण दमलं, कुणाचं घरात भांडण झालंय, हे तिला आवाजावरून कळायचं. थाप जरा बिघडली की ती मागे न वळता म्हणायची, खातून, पाणी पी जरा. बास, एवढंच. रागावणं असं नसायचंच.

सगळ्यात जास्त धूर ज्या चुलीला व्हायचा, ती अक्काची. कोपऱ्यातली. ती चूल तिने कुणाला दिली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मालकिणीच्या डोळ्यात पाणी आलं तर कुणी विचारत नाही, तुमच्या आलं तर घरी जाऊन सासूला सांगावं लागेल. आणि स्वतःच हसली.

तिचा नवरा शिवाप्पा, आम्ही त्याला अप्पा म्हणायचो, पुढच्या बाजूला वाढपाचं बघायचा. शांत माणूस. भाज्या चिरताना काहीतरी गुणगुणत असायचा, आणि त्याने चिरलेलं वांगं असं एकसारखं असायचं की भाजी करायच्या आधी दोन क्षण बघत राहावं. बायको मालकीण आणि नवरा वाढपी, म्हणून गल्लीत लोक हसायचे. अप्पाला त्याचं काही नव्हतं. तो म्हणायचा, तिला चूल पेटवता येते, मला माणसं बसवता येतात.

भोंगा झाला की माणसं यायची. गिरणीतले कामगार, केसांत आणि भुवयांत कापसाची तुसं अडकलेली, जणू सगळे एका पाळीत म्हातारे झालेत. हातपाय धुऊन ओळीने बसायचे. त्यांत दामूअण्णा नावाचा एक जॉबर होता, म्हणजे मागावरच्या माणसांचा मुकादम. एकटा राहायचा, बायकापोरं गावी. बोलायचा नाही फारसा. पण भाकरी अशी खायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. शेवटच्या तुकड्याने ताट पुसून घ्यायचा, आणि ताट असं लख्ख की घासायलाच नको. आत बसलेल्या अक्काला ते ताट दाखवायला अप्पा मुद्दाम आणायचा. ती बघायची आणि परत तव्याकडे वळायची. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, पण पुढची भाकरी तिच्या हातून जरा जास्तच गोल व्हायची.

हे सगळं शाळूवर चाललेलं. मग शाळू संपला.

त्या वर्षी माळ उघडे पडले होते. रानात कणीस नव्हतं, ताटं नव्हती, पाखरंसुद्धा कुठे गेली होती कोण जाणे. खानावळीचे मेंबर आपापल्या रेशनचं धान्य आणून देऊ लागले. रेशनवर मिलो आली. परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. पहिलं पोतं उघडलं तेव्हा आम्ही सगळ्या भोवती उभ्या राहिलो. नरसम्माने नाकाला पदर लावला. दाणा दिसायला ज्वारीसारखा, पण रंग विटकरीचा आणि वास कुठल्यातरी बंद खोलीचा.

तिची भाकरी होईना. हे ज्याने कधी भाकरी थापली नाही त्याला सांगून कळणार नाही. शाळूच्या पिठाला एक चिवटपणा असतो, ते एकमेकांना धरून राहतं. हे पीठ धरतच नव्हतं. थापायला लागलं की कडा फाटायच्या, उचलायला गेलं की मधून दोन तुकडे. तव्यापर्यंत पोचली तर तव्यावर भेगाळायची. आमच्या तळव्यांना इतक्या वर्षांचं जे ठाऊक होतं ते सगळं कुणीतरी खोटं ठरवल्यासारखं झालं. आपण आपल्याच हातांना अनोळखी होतो, तेव्हा फार विचित्र वाटतं. गरम पाण्यात उकड काढून बघितली, ती तर प्रत्येक बाईला माहीत असतेच. थोडा फरक पडला. पण तोंडात घातलं की रवाळ, आणि घशाखाली उतरताना वाळूची आठवण व्हावी असं.

माणसं काही बोलली नाहीत. दुष्काळात अन्नाला नाव कोण ठेवणार. एके दिवशी दामूअण्णा अर्ध्यातून उठला. भूक नाही म्हणाला, अप्पाकडे न बघता. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. अप्पाने ते ताट आत आणलं नसतं तर बरं झालं असतं, पण सवयीने आणलं. अक्काने बघितलं. तिच्या हातातला गोळा हातातच राहिला.

दुसऱ्या खानावळींनी भाकरी बंद केली होती. कुठे नुसता भात, कुठे पाव. आमचेही मेंबर एकेक करून कमी व्हायला लागले. पुढची ओळ विरळ झाली, मधे मधे मोकळे पाट दिसू लागले. अप्पा म्हणाला, आपणही पाव आणू या काही दिवस. अक्काने ऐकलं नाही. ज्या घरात लोक भाकरीसाठी येतात तिथे त्यांना पाव वाढायचा, हे तिला आपल्या हाताने दार लावून घेण्यासारखं वाटत होतं.

मग तिने एक केलं. आम्हाला सगळ्यांना चुलीवरून उठवलं. तुम्ही निवडणं करा, चिरणं करा, म्हणाली, भाकरीचं मी बघते. आणि एकटी बसली.

ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात, पण वाईट स्वप्नासारखे. पडवीत एकच थाप. तीसुद्धा मधेच थांबायची. अक्का पीठ भिजवायची, थापायची, मोडायची, परत मळायची. एकदा पीठ दोनदा दळून आणलं, एकदा रात्रभर दाणे भिजवून वाळवले. कुणाशी बोलायची नाही. डोळे लाल, जेवणावर लक्ष नाही. तव्याची घाई व्हायची म्हणून तळव्यांना फोड आले होते, त्यांच्यावर ती परत पीठ घ्यायची. आम्ही भिंतीला टेकून बसलेल्या. निवडायला होतंच काय? मूठभर डाळ आम्ही इतक्या वेळा निवडली की तिच्यात खडा राहिला असता तर त्यालाच आमची दया आली असती. नरसम्मा यायची बंद झाली. खातूनबी म्हणू लागली की गावाबाहेर तलावाचं काम निघालंय, खडी फोडायला जावं, निदान हाताला काम तरी राहील.

मी पुढे आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली, कामावर जीव असलेली. त्यांच्यातली निम्मी अशीच एकटी जळताना बघितली. ज्याला कामाची ओढ असते त्याला वाटतं, ओझं आपण उचललं की बाकीच्यांचं भलं होईल. त्यात प्रेमच असतं. पण ज्यांच्या हातून काम काढून घेतलं, ती माणसं बाजूला बसून थंड होत जातात. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून ठेवलं की विझतं, तसं.

अप्पा एक दिवस माझ्याजवळ येऊन बसला. वांगी नव्हती, त्यामुळे त्याच्या हातालाही काम नव्हतं. हळूच म्हणाला, “तिला कुणीतरी सांगाया पायजे, सुमन. माझं ती ऐकत न्हाई. मी नवरा हाय न्हवं तिचा.”

मी सगळ्यात नवी. केमची पोर, आवाज सशाचा. पण त्या शांततेची मला भीती वाटायला लागली होती, बोलण्यापेक्षाही जास्त. मी उठले आणि कोपऱ्यातल्या चुलीपाशी जाऊन बसले. धुराने डोळे चुरचुरले.

“अक्का,” मी म्हटलं, “चूल तुमची हाय. पर भाकरी आमची बी हाय की.”

तिने हात थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता घरी जा म्हणेल. चुलीतली काटकी चटकन मोडली, तेवढाच आवाज. मग तिने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते ते उलटे केले, आणि मला तळवे दिसले.

“मला वाटलं, तुमाला तुटकी भाकरी कराया लावू ने,” ती म्हणाली. “रोज तुटकी भाकरी करून बाईचं मन तुटतं. माझं तुटलं तर तुटू दे.”

मागून खातूनबी आलेली मला कळली नव्हती. ती खाली बसली, अक्काचा हात तिने आपल्या हातात घेतला, फोडांवर हळूच फुंकर घातली.

“टूटी तो टूटी, अक्का,” ती म्हणाली. “सब मिलके तोडेंगे.”

अक्का हसली. कितीतरी दिवसांनी. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी धुराचं नाव सांगायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चुली पेटल्या. नरसम्माच्या घरी मी स्वतः गेले होते बोलवायला. मागाच्या खटखटीत तिला माझं अर्धंच ऐकू आलं, पण ती पदर खोचून निघाली. अक्काने प्रत्येकीपुढे पीठ ठेवलं आणि सांगितलं, आपापल्या घरच्या रीतीने करा, मला विचारू नका. हे वाक्य तिला जड गेलं असणार. पण बोलली ती नीट, आणि मग खरंच गप्प बसली.

काय काय केलं आम्ही. खातूनबीने उडदाचं थोडं पीठ घातलं. नरसम्माने भाताची पेज ओतली. कुणी जाड थापली, कुणी लाटली, कुणी फडक्यावर थापून फडक्यासकट तव्यावर उपडी केली. मोडत होत्याच. पण आता मोडली की कुणीतरी हसत होतं, आणि दुसरीची मोडलेली बघायला तिसरी वाकत होती. पडवीत परत आवाज आले, निरनिराळे, एकमेकांत मिसळणारे. त्या आवाजानेच मला भरून आलं होतं, भाकरीचं काय ते नंतर.

त्या गडबडीत कुणाची तरी एक पातळ भाकरी चुलीच्या कडेला टेकवून ठेवलेली तशीच राहिली. कुणाची ते आजवर ठरलेलं नाही. आम्ही त्यावरून पुढे वर्षानुवर्षं भांडलो. धगीने ती वाळून पापडासारखी झाली होती. खातूनबीने सहज मोडून तोंडात टाकली. कडाडकन आवाज झाला. आम्ही तिच्याकडे बघायला लागलो. ती चावत राहिली, चावत राहिली, आणि मग उरलेला तुकडा अक्कापुढे धरला.

वाळवल्यावर तो बंद खोलीचा वास गेला होता. रवाळपणा खुसखुशीत झाला होता. अक्काने तो तुकडा चावून बघितला. कडक भाकरी तिला का नवी होती? तिच्या माहेरी प्रवासाला निघताना हीच तर बांधून देत. पण ती शाळूची, बाजरीची. ह्या तांबड्या धान्यातून मऊ, फुगलेली भाकरीच काढायची असा हट्ट धरून आम्ही सगळ्याच बसलो होतो. जे पीठ वाकायला तयार नव्हतं त्याला आम्ही वाकवत होतो.

मग सुरू झालं. दोनदा दळलेलं पीठ, उकड, थोडं उडीद, पेजेचं पाणी, आणि फडक्यावर पातळ पातळ थापून मंद तव्यावर. अर्धवट भाजली की गच्चीवर उन्हात. चैत्र लागला होता आणि सोलापुरात दुसरं काही नसलं तरी ऊन होतं. ज्या उन्हाला आम्ही सगळे सकाळ-संध्याकाळ शिव्या देत होतो, त्याच्यापुढे आता आम्ही आमच्या भाकऱ्या पसरून ठेवायला लागलो. बाजांवर, जुन्या धोतरांवर, सुपांतून. गच्चीभर तांबूस चकत्या. दुपारी मी राखण करायला बसायचे. दूर गिरणीच्या धुराड्याची रेघ, सिद्धेश्वराच्या तळ्याकडून येणारा तापलेला वारा, आणि वाळताना भाकऱ्यांचा एक अगदी बारीक आवाज, चिट चिट, जणू त्या आपापसात काही बोलतायत. माझा डोळा लागायचा. त्या झोपेत मला भूक, दुष्काळ, केम काही आठवायचं नाही. उन्हाचा वास तेवढा यायचा.

पहिल्या पंगतीला अक्का स्वतः दाराआड उभी राहिली. आम्ही तिच्या मागे. अप्पाने वाढलं. पातळ आमटी, शेंगाची चटणी, कांदा आणि ही भाकरी. माणसं जरा बावरली. दामूअण्णा त्या दिवशी होता. त्याने भाकरी उचलली, वळवून बघितली, आणि दोन्ही हातांनी आमटीत चुरली. शेजारच्याने चुरली. मग सगळ्या ओळीने. वाळक्या पानांवरून कुणी सावकाश चालत जावं तसा आवाज त्या खोलीभर झाला.  आमटी पिऊन भाकरी फुगली होती, नरम झाली होती, जेवढी आम्ही थापून कधी करू शकलो नसतो तेवढी. दामूअण्णाने ताट पुसलं. उठताना अप्पाला विचारलं की गावी बायकोला न्यायला थोड्या बांधून मिळतील का, ह्या खराब होत नाहीत ना?

आत अक्का भिंतीला टेकून खाली बसली. खातूनबीने तिला पाणी दिलं.

मेंबर परत आले. नुसते मेंबरच नाहीत, तलावाच्या कामावर जाणाऱ्या बायका सकाळी जाताना फडक्यात बांधून न्यायला लागल्या. दिवसभर खडी फोडून मधे खायला. खातूनबी तिकडे गेली नाही. उलट तिच्या बहिणीला तिने आमच्यात आणलं. तो उन्हाळा असा तांबड्या भाकरीवर तरला. मी असं म्हणत नाही की आम्ही दुष्काळ हरवला. विहिरी कोरड्याच होत्या, माणसं गाव सोडून जातच होती, माझ्या माहेरची गुरं त्याच वैशाखात छावणीत गेली. पण सकाळी उठून कुठेतरी जावंसं वाटत होतं. आपली वाट बघणारं काम असणं, ही किती मोठी गोष्ट आहे हे मला एरवी कळलं नसतं.

आज माझा मुलगा कचेरीतून येतो, दमलेला. त्याच्या हाताखाली माणसं आहेत. तो कधी कधी म्हणतो, आई, लोकांना कामात रसच नाही.  मला भिंतीला टेकून बसलेल्या आम्ही बायका आठवतो, तीच डाळ पुन्हा पुन्हा निवडणारी. आमच्यातही त्या दिवसांत रस उरला नव्हता. तो आमच्यात मुळातच नव्हता असं मात्र नाही.

पुढचा हंगाम बरा गेला, त्याच्या पुढचा आणखी बरा. शाळू परत आला. मऊ, पांढरी भाकरी आली आणि लोक ती हातात घेऊन आधी नुसती बघत बसले. मिलो हळूहळू विसरली गेली. आमचं कडक भाकरीचं मात्र चालूच राहिलं. आता ती शाळूची असायची. अक्काने गिरणीच्या फाटकाजवळ दुसऱ्या खानावळीसाठी एक जागा घेतली आणि एक दिवस, पीठ चाळता चाळता, मला म्हणाली की ती जागा तू बघ. मी नाही म्हटलं. ती चाळतच राहिली, जणू मी बोललेच नाही.

माझे तिथले पहिले दिवस फार वाईट गेले. मी अक्का व्हायला बघत होते. तिच्यासारखी पाठमोरी बसायचे, पण मला आवाजावरून काही कळायचं नाही. तिच्यासारखं कमी बोलायचे, तर बायकांना वाटायचं, मी रागावलेय. धुराच्या चुलीवर बसून बसून मला खोकला लागला. भाकऱ्या नीट होत होत्या आणि तरी त्या पडवीत कुणी हसत नव्हतं. शेवटी नरसम्मा, जी माझ्याबरोबर तिकडे आली होती, एका दुपारी हात धुता धुता म्हणाली, “सुमन, तू मुकी बसू नको गं. तू बोलती तवाच आमचा हात चालतो.”

खरं होतं ते. भीड चेपल्यावर अक्काच्या पडवीत मी सारखी बोलत असायचे. केमच्या स्टेशनाच्या गोष्टी. गाडी चुकलेला नवरदेव, मालगाडीच्या डब्यात चढून बसलेली आमची शेळी, स्टेशनमास्तरची कधीच न बोलणारी बायको. पुढारीण झाल्यावर हे शोभत नाही अशी माझी समजूत. दुसऱ्या दिवशी मी चुली अर्धगोलात मांडल्या आणि शेळीची गोष्ट सांगितली. त्यांतल्या दोघींनी ती आधी दहादा ऐकली होती. तरी हसल्या. आणि मग त्यांच्याही गोष्टी यायला लागल्या, तेलुगूत, कानडीत, अर्ध्या मराठीत. मला त्यांचे आवाज ऐकू यायला लागले ते तेव्हापासून.

अक्का बरेच महिने तिकडे फिरकली नाही. मला वाईट वाटायचं. अप्पा सांगायचा की बरी आहे, कामात आहे. मग शाळू नुकताच आलेला असताना, माघातलीच एक दुपार, भोंगा होऊन गेलेला. पंगत भरत होती आणि वाढणारा पोऱ्या धावत आत आला. म्हणाला, बाहेर एक बाई जेवायला बसलीय, गड्यांच्या ओळीत.

मी दारातून बघितलं. अक्का होती. कडेच्या पाटावर, पदर सावरून, ताठ. शेजारी अप्पा. कामगार जरा सरकून बसले होते, कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं. खानावळीत बाईमाणूस पंगतीला बसत नसे. ती मात्र निवांत होती, ताटाकडे बघत, इतर कुणासारखीच भुकेली.

मी आत गेले आणि चुलीपुढे बसले. गोळा घेतला.  नरसम्मा माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. भाकरी तव्यावर पडली, मी पाण्याचा हात फिरवला, उलथली, निखाऱ्यावर धरली. ती फुगली. मी ती स्वतः नेऊन वाढली नाही. पोऱ्याबरोबर पाठवली, जशी सगळ्यांना जायची तशी.

दाराआडून मला तिचा हात तेवढा दिसत होता. तिने भाकरीचा पापुद्रा उचलला, वाफ जाऊ दिली, पहिला घास घेतला. मग दुसरा. घाई नाही, कौतुक नाही. अजून अर्धी मागितली. शेवटी ताट पुढे सारलं, हात धुतले, आणि मी बाहेर आले तेव्हा ती चपला शोधत होती.

मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, “उद्या बी येते.”